पीथमपूरची भट्टी आणि जोखमीचे गणित

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, इंदूर शहराजवळ वसलेल्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतील एका भट्टीत २८ फेब्रुवारी २०२५ रोजी कचऱ्याची पहिली खेप सोडण्यात आली. वेग ठरवून दिलेला होता, ताशी १३५ किलो. या वेगाने दहा टन कचरा जळण्यास सुमारे ७४ तास लागतात. तेवढे झाल्यावर भट्टी थांबविण्यात आली. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणखी दोन फेऱ्या झाल्या, त्याही दहा-दहा टनांच्या. दुसऱ्या फेरीचा वेग ताशी १८० किलो, तिसरीचा २७० किलो. तिन्ही फेऱ्यांची मोजमापे मध्य प्रदेश उच्च न्यायालयासमोर ठेवली गेली आणि मगच, २७ मार्च रोजी, उरलेले ३०७ टन जाळण्यास अनुमती मिळाली.

हा कचरा भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील होता. त्यावर झालेले राजकारण, न्यायालयीन लढे आणि रस्त्यावरचा संताप यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या तीन फेऱ्यांमागची पद्धत मात्र चर्चेत फारशी आली नाही. भट्टी नवी नव्हती. मग प्रारंभीच पूर्ण वेगाने काम का सुरू केले नाही? याचे उत्तर रसायन अभियांत्रिकीच्या एका जुन्या शिस्तीत आहे. थोडे करून पाहावे, मोजावे, मग वाढवावे, आणि वाढविताना प्रत्येक पायरीवर नवा धोका निर्माण झाला का हे पुन्हा विचारावे. प्रयोगशाळा आणि पूर्ण कारखाना यांच्यामध्ये पथदर्शी संयंत्राची, म्हणजेच बोलीभाषेतील पायलट प्लांटची, जी पायरी असते ती याच कारणासाठी.

वसाहत आणि कचऱ्याचा प्रवास

धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने. मराठी माणसाला ही नावे मराठ्यांच्या माळवा मोहिमांमुळे परिचित आहेत. १९८०च्या दशकात धारच्या भूमीवर पीथमपूरची वसाहत आकारास आली, तेव्हा तेथे आलेल्या पहिल्या मोठ्या उद्योगांत पुण्याचे बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा हे होते. वाहन उद्योगामुळे या गावाला भारताचे डेट्रॉइट म्हटले जाऊ लागले. पुढे औषध कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर द्रावके, अभिक्रियापात्रे, लहान प्रायोगिक संयंत्रे आणि घातक कचराही आला. त्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्यासाठी उभारलेल्या सामायिक केंद्रात भट्टी आहे आणि अस्तर घातलेला भरावखड्डाही आहे. तारपुरा हे गाव या केंद्राला अगदी लागून आहे.

भोपाळच्या कारखान्याच्या आवारात विखुरलेला हा कचरा २००५ मध्ये गोळा करून तेथील गोदामात ठेवण्यात आला होता. तो कोठे जाळावा या प्रश्नावर पुढची वीस वर्षे गेली. गुजरातेतील अंकलेश्वरचा विचार झाला, त्या राज्याने नकार दिला. नागपूरजवळील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव पुढे आले, तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला. २०१२ मध्ये एका जर्मन संस्थेमार्फत तो विमानाने जर्मनीला नेण्याचा प्रस्ताव होता, तोही बारगळला. मधल्या काळात, २००८ मध्ये, सुमारे ४० टन चुन्याचा गाळ पीथमपूरला आणून पुरण्यात आला. २०१५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दहा टनांची पहिली चाचणी झाली. अखेरीस ३ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली आणि १ जानेवारी २०२५च्या रात्री बारा कंटेनर पोलीस बंदोबस्तात भोपाळहून निघाले. ३ जानेवारीला पीथमपूर बंद होते. त्या दिवशी दोघांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला.

धोका आणि जोखीम

मराठीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. सुरक्षाशास्त्रात त्यांचे अर्थ भिन्न आहेत आणि सगळा विचार या भेदावर उभा आहे. धोका हा वस्तूच्या किंवा स्थितीच्या अंगी असतो. आम्ल त्वचा जाळते, हायड्रोजन पेटतो, दाबाखालील सिलिंडर फुटू शकतो. हे गुण बाटली कपाटात बंद असली तरी कायम राहतात. जोखीम ही परिस्थितीवर अवलंबून असते. त्या धोक्यातून कोणाला, किती प्रमाणात आणि कितपत संभवाने इजा होईल, याचे ते अनुमान असते. विहीर हा धोका आहे. कठडा असलेल्या विहिरीची जोखीम अल्प, आणि शाळेच्या वाटेवरील उघड्या विहिरीची जोखीम फार.

म्हणून पहिले काम ओळखण्याचे, दुसरे मोजण्याचे. क्रम उलटला की घोटाळा होतो, कारण जो धोका यादीतच आला नाही त्याची जोखीम आपोआप शून्य धरली जाते. प्रयोगशाळेतील बहुतेक गंभीर अपघातांच्या चौकशीत हेच आढळते. हिशेब चुकलेला नसतो, हिशेबात ती रक्कम मांडलेलीच नसते.

प्रयोगशाळेतील धोके ओळखणे कारखान्यापेक्षा एका अर्थी अवघड असते. कारखान्यात तीच प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. प्रयोगशाळेत दर आठवड्याला प्रयोग बदलतो, माणसे बदलतात, विद्यार्थी दोन-चार वर्षांत निघून जातात आणि त्यांच्याबरोबर अनुभवही जातो. शिवाय प्रमाण अल्प असल्याने काही मोठे घडणार नाही अशी समजूत असते. ही समजूत किती महाग पडते याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात कॅरेन वेटरहान या प्राध्यापिका विषारी धातूंवर संशोधन करीत. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. त्यांनी फ्यूम हूडखाली काम केले होते, लेटेक्सचे हातमोजे घातले होते, म्हणजे त्या काळच्या नियमांत कोणतीही कसूर नव्हती. काही महिन्यांनी चालताना तोल जाऊ लागला, वाचा अडखळू लागली. ८ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. नंतरच्या तपासणीत दिसले की हे द्रव्य तशा हातमोज्यातून काही सेकंदांत आरपार जाते. धोका ठाऊक होता, संरक्षण उपलब्ध होते, पण या द्रव्यापुढे हे संरक्षण टिकते का हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

टेक्सास टेक विद्यापीठातील घटना वेगळ्या प्रकारची. तेथे स्फोटक संयुगे एका वेळी १०० मिलिग्रॅमहून अधिक बनवू नयेत असा तोंडी संकेत होता. जानेवारी २०१० मध्ये एका विद्यार्थ्याने साऱ्या चाचण्यांना पुरावे म्हणून सुमारे १० ग्रॅम बनविले, म्हणजे शंभरपट. कुटताना स्फोट झाला आणि त्याची तीन बोटे गेली. चौकशीत नोंदले गेले की ती मर्यादा कोठेही लिहिलेली नव्हती आणि प्रमाण वाढविण्यापूर्वी कोणाची अनुमती घ्यावी हेही ठरलेले नव्हते.

भारतातही अशा घटना घडल्या आहेत. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधकांचा मृत्यू झाला. तेथे किरणोत्सारी द्रव्य नव्हते. आपत्तीचे कारण शोधताना सर्वांची नजर प्रथम अणूकडे गेली, ही गोष्ट बोलकी आहे. मोठे नाव असलेला धोका लक्ष वेधून घेतो आणि नेहमीची रसायने नजरेआड होतात. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्फोट होऊन एक संशोधक दगावला. हायड्रोजनच्या सिलिंडरकडे बोट दाखविले गेले. तेथील प्रयोगशाळा अतिवेगवान प्रवाहांच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेली आहे.

प्रमाण वाढले की काय बदलते

पायलट प्लांटचा विषय येथे सुरू होतो. एक लिटरच्या काचपात्रात एखादी अभिक्रिया उष्णता सोडते. पात्र बर्फाच्या पाण्यात ठेवले की ती निघून जाते आणि तापमान स्थिर राहते. आता तीच अभिक्रिया त्याच आकाराच्या पण हजार लिटरच्या पात्रात केली, तर उष्णता हजारपट निर्माण होते, कारण ती द्रव्याच्या घनफळावर अवलंबून असते. ती बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे पात्राचा पृष्ठभाग, आणि तो मात्र फक्त शंभरपट वाढतो. प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग एक दशांशच उरतो. प्रयोगशाळेत निमूट वागणारी अभिक्रिया मोठ्या पात्रात स्वतःच्या उष्णतेने वेग घेते. वेग वाढला की उष्णता आणखी वाढते. या चक्राला धावपळीची अभिक्रिया म्हणतात, आणि एका मर्यादेपलीकडे ते बाहेरून थांबविता येत नाही.

फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथील टी-टू लॅबोरेटरीज या लहान कंपनीची कथा या बाबतीत पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. पेट्रोलमध्ये मिसळण्याचे एक द्रव्य ती बनवीत असे. एक लिटरच्या पात्रात शंभराहून अधिक चाचण्या झाल्या होत्या. तेथून कंपनी कोणतीही मधली पायरी न घेता थेट नऊ हजार लिटरहून मोठ्या पात्राकडे गेली. पुढे एका फेरीतील माल एक तृतीयांशाने वाढविण्यात आला. थंड करण्यासाठी नगरपालिकेच्या पाण्याची एकच व्यवस्था होती. १९ डिसेंबर २००७ रोजी, १७५व्या फेरीत, ती बंद पडली. तापमान चढत गेले आणि सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे दुसरीच एक अभिक्रिया सुरू झाली. ती तेथे दडून आहे हे कंपनीला माहीत नव्हते. चौघे ठार झाले. प्रयोगशाळेतील चाचण्या नेहमीच्या तापमानापुरत्या होत्या. तापमान हाताबाहेर गेल्यास काय होईल हे कोणी तपासले नव्हते.

उष्णतामापीत थोडासा नमुना मुद्दाम तापवून तो कोठे बिथरतो हे पाहण्याची पद्धत याचसाठी आहे. त्यासाठी काही ग्रॅम द्रव्य पुरते. औषध उद्योगात ही चाचणी आता रूढ झाली आहे. लहान कारखानदार मात्र तिचा खर्च पाहून मागे हटतो, आणि देशातील छोट्या रासायनिक वसाहतींत होणाऱ्या अभिक्रियापात्रांच्या स्फोटांकडे पाहता ही काटकसर स्वस्तातली वाटत नाही.

प्रश्न विचारण्याची पद्धत

धोका ओळखण्यासाठी सर्वांत साधे साधन म्हणजे तपासणीसूची. ती जुन्या अनुभवाचे सार असते, त्यामुळे जुने धोके पकडते, नवे सुटतात. त्यापुढची पद्धत ‘असे झाले तर?’ या प्रश्नाची. वीज गेली तर, झडप उघडी राहिली तर, दुसराच पिंप जोडला गेला तर. लहान प्रयोगशाळेला ती पुरेशी ठरते. अट एकच की प्रयोग करणाऱ्याबरोबर तो न करणारा एक जाणता माणूसही बसावा. स्वतःच्या प्रयोगातील खोट स्वतःला दिसणे कठीण.

संयंत्रांसाठी ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९६०च्या दशकात हॅझॉप नावाची पद्धत विकसित झाली. ट्रेव्हर क्लेट्झ यांच्या लेखनातून ती जगभर पोहोचली. आराखड्यातील प्रत्येक नळी आणि प्रत्येक टाकी घ्यायची आणि तिला ठराविक शब्द लावून पाहायचे: नाही, अधिक, कमी, उलट, शिवाय, भलतेच. प्रवाह नाही तर काय? दाब अधिक तर काय? प्रवाह उलट फिरला तर? प्रत्येक उत्तरासाठी कारण, परिणाम आणि उपाय लिहायचा. हे काम कंटाळवाणे आहे, दिवसचे दिवस चालते, आणि त्याच्या कंटाळवाणेपणातच त्याची ताकद आहे, कारण कल्पनाशक्तीच्या लहरीवर काही सोडले जात नाही.

भोपाळच्या ६१० क्रमांकाच्या टाकीला ‘शिवाय’ हा शब्द लावून पाहिला तर पद्धत लगेच कळते. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. त्याशिवाय आणखी काय आत शिरू शकते? पाणी. शिरल्यास काय होईल? पाण्याशी त्याची अभिक्रिया उष्णता सोडते. हे द्रव्य ३९ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे वायू होऊन दाब वाढेल. उपाय कोणते? पहिला उपाय टाकी शून्य अंशाजवळ ठेवणाऱ्या शीतन यंत्रणेचा. ती १९८४च्या जूनपासून बंद होती. दुसरा, बाहेर पडणारा वायू क्षाराने धुणारा स्क्रबर. तो राखीव अवस्थेत होता आणि एवढ्या वायूसाठी त्याची क्षमताही नव्हती. तिसरा, वायू जाळून टाकणारी ज्वालानळी. तिच्या नळीचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. चौथा उपाय म्हणून एक टाकी रिकामी राखायची, ती पूर्ण रिकामी नव्हती. पाण्याचे फवारे वायू ज्या उंचीवरून निघत होता तेथवर पोहोचत नव्हते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हे सारे एकाच वेळी उघडे पडले. पाणी टाकीत कसे शिरले यावर कामगार आणि कंपनी यांचे म्हणणे कधीच जुळले नाही. कामगार नळ्या धुण्याच्या कामाकडे बोट दाखवीत, कंपनी घातपाताकडे. हॅझॉपच्या दृष्टीने तो वाद दुय्यम आहे. पाणी कसेही शिरो, ते शिरल्यावर थांबविणारी एक तरी भिंत उभी असायला हवी होती.

जोखीम मोजताना येथेच एक मोठी चूक होते. संरक्षणाचा प्रत्येक थर दहापैकी एकदा निकामी ठरतो असे धरले, तर चार थर एकाच वेळी निकामी होण्याचा संभव दहा हजारांत एक येतो. आकडा दिलासा देतो. परंतु हा गुणाकार थर परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. भोपाळचा कारखाना तोट्यात होता, माणसे कमी केली जात होती, देखभाल पुढे ढकलली जात होती. एकाच कारणाने चारही थर पोखरले होते. कागदावर दहा हजारांत एक असलेली शक्यता प्रत्यक्षात कितीतरी जवळ येऊन ठेपली होती.

अनेक ठिकाणी वापरला जाणारा जोखीम-तक्ताही असाच फसवा आहे. संभवाला १ ते ५ गुण, परिणामाला १ ते ५ गुण, आणि दोहोंचा गुणाकार. या हिशेबाने रोज होणारी बोटाची किरकोळ जखम पाच गुणांची आणि क्वचित होणारा, पण गावच्या गाव संपविणारा अपघातही पाच गुणांचाच. दोन्ही हिरव्या रकान्यात बसतात. जाणकार म्हणूनच परिणाम प्राणघातक असेल तर संभव कितीही कमी असो, ती नोंद वेगळी काढून तपासतात.

उपायांचाही क्रम ठरलेला आहे. घातक द्रव्य वगळता येईल का हे आधी पाहायचे, मग सौम्य पर्याय वापरता येईल का, साठा कमी करता येईल का. त्यानंतर यंत्रणा, त्यानंतर नियम, आणि सर्वांत शेवटी हातमोजे व मुखवटे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सुरुवात हातमोज्यांपासून होते, कारण ते विकत आणता येतात.

पीथमपूरच्या चाचण्यांनी काय तपासले

या चौकटीतून पीथमपूरच्या तीन फेऱ्यांकडे पाहता येते. ३३७ टनांत १६२ टन माती होती. ९२ टन सेविन आणि नॅप्थॉल यांचे अवशेष, ५४ टन अर्धवट प्रक्रिया झालेली कीटकनाशके आणि २९ टन अभिक्रियापात्रांतील गाळ होता. असा कचरा एकजिनसी नसतो. एका पोत्यात निम्मी माती, तर दुसऱ्यात जवळजवळ शुद्ध कीटकनाशक असू शकते. म्हणून दहा टनांच्या नमुन्यावरून सर्व ढिगाविषयी बोलताना नमुना कसा मिसळला हा प्रश्न भट्टीच्या तापमानाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

भट्टीतील मुख्य भीती डायॉक्सिन आणि फ्युरान या अतिविषारी संयुगांची. क्लोरीन असलेला कचरा अपुऱ्या उष्णतेत जळला की ती तयार होतात. म्हणून वायू दुसऱ्या कक्षात अकराशे अंशांच्या वर किमान दोन सेकंद राहावा लागतो. तेथे ती मोडतात. परंतु वायू सावकाश थंड झाला तर साधारण ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात ती पुन्हा जुळून येतात, त्यामुळे तो टप्पा झटक्यात ओलांडावा लागतो. कचरा ओतण्याचा वेग वाढविला की जळण्याची वेळ, धुराचे आकारमान आणि थंड करण्यावरचा ताण ही तिन्ही बदलतात. १३५, १८० आणि २७० या आकड्यांचा अर्थ हा होता. वेग दुप्पट झाल्यावरही भट्टी तशीच वागते का, हे पाहायचे होते.

धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन क्लोराइड यांचे मापन धुराड्यात सतत होते आणि पडद्यावर दिसते. डायॉक्सिनचे तसे नसते. त्याचा नमुना गोळा करून विशेष प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि निकाल येईपर्यंत तो धूर कधीच वाऱ्यावर गेलेला असतो. त्याची मर्यादा दर घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम आहे. तीनही फेऱ्यांत उत्सर्जन मर्यादेत राहिल्याचे शासनाने न्यायालयात सांगितले. पीथमपूरच्या भट्टीत पूर्वी झालेल्या चाचण्यांचा इतिहास मात्र स्वच्छ नव्हता. तशाच प्रकारचा कचरा जाळून घेतलेल्या काही चाचण्यांत डायॉक्सिन आणि फ्युरान मर्यादेच्या वर आढळले होते. लोकांच्या अविश्वासाला आधार होता.

५ मे २०२५ रोजी मुख्य काम सुरू झाले. ताशी २७० किलो म्हणजे दिवसाला साडेसहा टनांच्या आतबाहेर. ३० जूनच्या पहाटेपूर्वी, मुदतीच्या आत, ३०७ टन संपले.

आता चाचण्यांनी काय तपासले नाही हेही पाहणे आवश्यक आहे. भट्टीची चाचणी धुराड्याशी संपते. आजूबाजूच्या विहिरी, भरावखड्ड्याचे अस्तर, शेजारच्या वस्तीतील लोकांची आधीची प्रकृती, यांचा ताळेबंद प्रारंभी मांडला नसेल तर पुढे काही बिघडल्यास त्याचे कारण सिद्ध करणे अशक्य होते. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना न्यायालयात गेली होती. इंदूरला पाणी पुरविणाऱ्या यशवंत सागर जलाशयाचा प्रश्नही तेथील नागरिकांनी लावून धरला. हे प्रश्न भावनेचे म्हणून बाजूला सारले गेले, पण शास्त्रीय भाषेत सांगायचे तर ती धोका ओळखण्याचीच पायरी होती. धोक्याच्या यादीवर बसणाऱ्यांत त्या धोक्याजवळ राहणारा माणूस असलाच पाहिजे. कंटेनर पोहोचल्यावर त्याला माहिती देणे म्हणजे क्रम उलटा करणे होय. हॅझॉपच्या बैठकीत रात्रपाळीचा कामगार बसवितात, कारण कोणती झडप अडकते हे त्यालाच ठाऊक असते.

कायदा आणि गोवा

भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यात धोक्यांची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देण्याचे बंधन कारखान्यावर आले. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांचे साठे, सुरक्षा अहवाल आणि आपत्कालीन आराखडे यांची चौकट घातली. या नियमांचा भर साठ्याच्या प्रमाणावर आहे. ठराविक टनांच्या वर गेले की नियम लागू. महाविद्यालयीन प्रयोगशाळा आणि शेकडो किलोंवर चालणारी पायलट संयंत्रे बहुधा या उंबरठ्याखाली राहतात. तेथे सुरक्षा ही संस्थेच्या प्रमुखाच्या वृत्तीवर अवलंबून उरते.

गोव्याला हा विषय दूरचा नाही. वेर्णा, कुंडई, कोलवाळ येथे औषधनिर्मितीचे कारखाने आहेत आणि औषध कारखान्याला पायलट संयंत्राशिवाय नवे उत्पादन बाजारात आणता येत नाही. राज्याच्या घातक कचऱ्याचे सामायिक केंद्र सत्तरीतील पिसुर्लेत आहे. जानेवारी २०१८ मध्ये चिखली येथे महामार्गावर अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा पहाटे झोपेतल्या घरांतून लोकांना बाहेर काढावे लागले होते. त्याही आधी, १९९०च्या दशकात, फोंडा तालुक्यातील केरीच्या पठारावर नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्ध जे आंदोलन पेटले, त्यात गावकऱ्यांचे प्रश्न पाण्याचे आणि सांडपाण्याचेच होते. भोपाळ घडून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. प्रकल्प गोव्यातून गेला.

राखेचा प्रश्न

जाळले म्हणजे नाहीसे झाले, ही सर्वांत व्यापक गैरसमजूत. पीथमपूरला ३३७ टन जळाले आणि मागे आठशे टनांहून अधिक राख व अवशेष उरले. यात गूढ काही नाही. निम्मा कचरा माती होती, ती जळत नाही. आम्लधर्मी वायू शोषण्यासाठी चुना आणि इतर द्रव्ये मोठ्या प्रमाणात घालावी लागली. सेंद्रिय विषे उष्णतेने मोडतात, पण शिसे, निकेल, क्रोमियम यांसारखे धातू मोडत नाहीत. ते राखेत साचतात. पारा तर वायुरूपाने निघून धूर धुणाऱ्या यंत्रणेत येतो आणि तेथील गाळात उतरतो. धोका एका रूपातून दुसऱ्या रूपात गेला.

ही राख अस्तर घातलेल्या स्वतंत्र खड्ड्यात पुरण्याची शासनाची योजना होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. प्रस्तावित जागा वस्तीपासून अवघ्या पाचशे मीटरवर होती. भूकंपासारख्या आपत्तीत तो खड्डा फुटला तर काय, असा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि पर्यायी जागा पाहण्यास सांगितले. दरम्यान भोपाळच्या जुन्या आवारात जे उरले आहे त्याचे प्रमाण वेगळेच आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह २०१० मध्ये दिलेल्या अहवालात तेथील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन इतका आहे. पीथमपूरच्या भट्टीला ताशी २७० किलोच्या वेगाने, एकही दिवस न थांबता, तेवढी माती जाळायला साडेचारशेहून अधिक वर्षे लागतील.